चाकणच्या कारखान्यात गेटवर व्हिजिटर सिस्टिम बसवायची आहे, रजिस्टर बंद करण्याआधी काय काय बघावं?

गेट_नंबर_दोन (प्रश्न)

नमस्कार मंडळी. चाकण एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना आहे. कायम आणि कंत्राटी मिळून २२० माणसं, दोन शिफ्ट. रोज ६० ते ७० व्हिजिटर आणि मालाच्या २५-३० गाड्या येतात. गेट दोन आहेत, पुढचं ऑफिसचं आणि मागचं मालाचं. दोन्हीकडे आजही जाड पुठ्ठ्याचं आवक-जावक रजिस्टर चालतं.

ग्राहक कंपनीच्या ऑडिटमध्ये दोन शेरे आले. पहिला, आत्ता या क्षणी आग लागली तर बाहेरची किती माणसं आत आहेत हे गेटवरून सांगता येत नाही. दुसरा, रजिस्टरमध्ये सही करणाऱ्याला त्याच पानावरची आधीची सगळी नावं आणि मोबाइल नंबर दिसतात. वरून टॅबलेटवाली सिस्टिम घ्यायला मंजुरी मिळाली आहे. तीन विक्रेत्यांचे डेमो झाले आणि डेमोत तिन्ही छानच दिसल्या. म्हणून जे रोज गेट चालवतात किंवा बसवून देतात त्यांना विचारतोय.

फॉर्ममध्ये नेमकं काय भरून घ्यावं? सध्या गार्ड आधारची झेरॉक्स घेतात, ती चालू ठेवावी का? छापील स्टिकर चांगलं की गळ्यातलं कार्ड? ट्रक ड्रायव्हरकडे बऱ्याचदा साधा फोन असतो, त्यांचं काय करायचं? मागच्या गेटची केबिन सर्व्हर रूमपासून १४० मीटरवर आहे आणि तिथे नेट नाही. शिवाय एचआरचं म्हणणं आहे की ठेकेदाराची माणसंही याच सिस्टिममधून आत घ्यावीत म्हणजे एकच यादी राहील. हे बरोबर आहे का?

---

बारा_तास_ड्यूटी

ऑडिटरचा पहिला शेरा हाच खरा मुद्दा आहे, बाकी सगळं त्याच्या मागून येतं. डेमोत विक्रेता 'इन' दाखवतो: फोटो निघाला, ओटीपी आला, स्टिकर छापून बाहेर पडलं. त्याला म्हणा, आता 'आउट' दाखवा. माणूस बाहेर पडताना काय करेल, ते त्याच्याकडून कोण करवून घेईल आणि त्याने नाही केलं तर कोणाला कळेल?

तुमच्याच रजिस्टरचं कुठलंही पान उघडून बघा. इनच्या रकान्यात ९:४२, १०:०५, १०:१७ अशा वेगवेगळ्या पेनांनी लिहिलेल्या वेळा असतील. आउटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकाच पेनाने आणि एकाच हाताने लिहिलेलं ५:३०, आणि त्याखाली डिट्टोच्या खुणा. तो रकाना शिफ्ट सुटताना एकदम भरलेला असतो. टॅबलेट आणला पण बाहेर पडायची रीत तीच राहिली, तर हेच पान उद्या स्क्रीनवर दिसेल.

माझ्या मते उपाय एकच टिकतो, परत द्यायचं कार्ड. १ ते १०० नंबरची पीव्हीसी कार्डं करा, प्रत्येकावर क्यूआर किंवा आरएफआयडी (जवळ नेलं की वाचली जाणारी चिप). येताना गार्ड कार्ड स्कॅन करून देतो, जाताना ते हातात घेऊन पुन्हा स्कॅन करतो की आउट झालं. केबिनच्या भिंतीवर १०० खिळ्यांचा लाकडी बोर्ड लावा, प्रत्येक खिळ्याखाली नंबर. रिकामा खिळा म्हणजे माणूस आत. वीज गेली, नेट गेलं, टॅबलेट बंद पडला, तरी बोर्ड खरं सांगतो. शिफ्ट बदलताना जाणारा आणि येणारा गार्ड मिळून रिकामे खिळे मोजतील आणि स्क्रीनवरच्या आकड्याशी जुळवतील. जुळलं नाही तर ताबा घ्यायचा नाही.

ओळखपत्र मात्र अडकवून ठेवू नका. लायसन्स ठेवून घेतलं की ते एकदा तरी दुसऱ्याच्या हातात जातं. ड्रायव्हर ते विसरून निघाला तर विनालायसन्स गाडी चालवतो आणि जबाबदारी तुमच्या गेटवर येते.

बऱ्याच सिस्टिममध्ये 'रात्री १२ वाजता सर्वांना आपोआप आउट करा' अशी सोय असते आणि ती मुळातच चालू असते. ती पहिल्या दिवशी बंद करा. तिने रिपोर्ट स्वच्छ दिसतो, पण चूक कुठे होते ते कधीच कळत नाही. त्याऐवजी संध्याकाळी ६:३० ला 'अजून आत' असलेल्यांची यादी ज्यांना भेटायला ते आले होते त्यांच्या मोबाइलवर जाऊ दे. उरलेली नोंद फक्त सुपरवायझरने कारण लिहून बंद करावी आणि रिपोर्टमध्ये ती 'हाताने बंद' अशी वेगळी दिसावी. रोज अशा दोनपेक्षा जास्त नोंदी व्हायला लागल्या तर बाहेरच्या वाटेवर जाऊन उभं राहून बघा. बहुतेक वेळा माणूस पुढच्या गेटने आत येऊन कोणाच्या तरी गाडीत बसून मागच्या गेटने गेलेला असतो. म्हणून दोन्ही गेटवर सगळी कार्डं चालली पाहिजेत. गाडीची काच खाली करायला लावून आतली माणसं मोजायची सवयही गार्डला लावा.

गर्दीचा हिशोब आधी करा. ७० माणसं दिवसभर सारखी येत नाहीत, निम्मी साडेनऊ ते अकरात येतात. एका माणसाला ३ मिनिटं लागली तर एक टॅबलेट तासाला २० जण घेतो. दीड तासात ३० झाले, आले ३५. साडेदहाला रांग लागली की गार्ड "जा, नंतर भरा" म्हणतो आणि सिस्टिम तिथेच मोडते. त्यामुळे आधीच ठरलेल्या भेटींची माहिती आदल्या दिवशी भरून घ्या. माणूस क्यूआर दाखवतो, फोटो निघतो, कार्ड मिळतं, पाऊण मिनिटात आत. निम्मे लोक असे आले तरी रांग राहत नाही.

फॉर्ममध्ये नाव, मोबाइल, कंपनी, कोणाला भेटायचं, काम आणि फोटो. सातवा रकाना लॅपटॉप असेल तरच. कामाचा रकाना लिहायला मोकळा सोडू नका, निवडायला चार-पाच पर्याय द्या. नाही तर सगळे 'मीटिंग' लिहितात. कंपनीचं नावही दोन अक्षरं टाकली की यादीतून यावं, नाही तर एकाच सप्लायरची सात स्पेलिंगं होतात आणि महिन्याच्या रिपोर्टमधून काही काढता येत नाही.

ज्यांना भेटायचं ते शॉप फ्लोअरवर असतील तर मोबाइल उचलत नाहीत. ३ मिनिटं उत्तर आलं नाही तर निरोप त्याच विभागातल्या दुसऱ्या माणसाकडे जावा, ही नावं आधीच भरून ठेवा. गार्डला परवानगी द्यायचं बटण देऊ नका. त्याच्यावर समोरच्याचा दबाव येतो आणि तो ते दाबतो. आणि प्रत्येक गार्डला स्वतःचा पिन द्या. सगळे 'सिक्युरिटी१' नावाने काम करत असले तर चुकीची नोंद कोणी केली ते शोधता येत नाही.

---

फायबर_ओढणारा

जागेवरच्या गोष्टी सांगतो.

१४० मीटरला कॅट-६ (नेटवर्कची तांब्याची केबल) ओढू नका. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर. मध्ये स्विच टाकून वाढवता येतं, पण उघड्यावर डबा, त्याला वीज, त्यात पाणी आणि मुंग्या, असं रोजचं दुखणं होतं. सिंगल मोड फायबर (लांब पल्ल्याची काचेच्या तंतूंची केबल) घ्या, ४ कोअरची, म्हणजे आत चार तंतू. लागतील दोनच, दोन राखीव. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबरला साध्या नेटवर्क केबलशी जोडणारा डबा) किंवा एसएफपीचं, म्हणजे फायबर थेट लावायचं, पोर्ट असलेला स्विच. अंतर हे एक कारण झालं, दुसरं कारण वीज. दोन इमारतींमध्ये तांबं असलं की मे-जूनच्या वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली तरी त्यातून धक्का येतो आणि दोन्हीकडची पोर्टं जळतात. फायबर काचेची, त्यातून धक्का जात नाही. आर्मर्ड केबल घेतलीत तर तिचं लोखंडी वेष्टण मात्र अर्थ करा, ते विसरलं जातं. केबल एचडीपीई (जाड प्लास्टिकच्या) पाइपातून न्या आणि दोन्ही टोकांना ८-१० मीटरचं वेटोळं शिल्लक ठेवा, रस्ता खणला की कामाला येतं.

जोडीला ४जी राउटर असू द्या. पत्र्याच्या केबिनमध्ये सिग्नल मरतो, त्यामुळे अँटेना बाहेर काढता येईल असा घ्या.

यूपीएस: टॅबलेट, कन्व्हर्टर, राउटर मिळून ४० वॅटच्या आसपास जातात. ६०० व्हीएचा यूपीएस, म्हणजे आत १२ व्होल्ट ७ एएचची एक बॅटरी, नवी असताना तासभर ओढतो. बूम बॅरियर (गाड्या अडवणारा दांडा) किंवा फ्लॅप बॅरियर (माणसांच्या वाटेवरचे उघड-बंद होणारे पंख) त्यावर जोडू नका. लेबल प्रिंटरही छपाई करताना एकदम करंट ओढतो, तो लावलात तर वेळ कमी धरा.

टॅबलेटची गोष्ट कोणी विक्रेता सांगत नाही. पत्र्याखालची केबिन, एप्रिल-मेचं ऊन आणि चोवीस तास चार्जिंग या तिन्हींनी बॅटरी फुगते. आधी स्क्रीनची एक कड उचललेली दिसते, मग काच स्टँडमध्ये बसत नाही. तेव्हा टॅबलेट लगेच काढायचा, दाबून परत बसवायचा नाही. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सेटिंग असलेलं मॉडेल घ्या. नाही तर प्लगला टायमर लावा. त्याहून बरं म्हणजे मागच्या गेटला बॅटरी नसलेला छोटा पीसी, टच स्क्रीन आणि वेबकॅम.

कॅमेरा कुठे बघतो ते दुपारी ४ वाजता उभं राहून बघा. माणसाच्या पाठीमागे पश्चिमेचं ऊन असलं तर फोटोत चेहरा काळा येतो आणि महिनाभर तसेच फोटो साठत राहतात. माणसाच्या पाठीशी भिंत यावी असं टेबल फिरवा आणि समोरून एक साधी ट्यूबलाइट.

विक्रेत्याला समोर बसवून हे करून घ्या. वायफाय बंद करा आणि पाच नोंदी करा. त्यातला एक माणूस दुसऱ्या गेटवरून, तेही ऑफलाइन असताना, आउट करा. मग वायफाय चालू करा. पाचही नोंदी दोन्हीकडे खऱ्या वेळेसकट दिसल्या तर ऑफलाइन चालतं असं समजा. वेळ सर्व्हरवरून घेतली पाहिजे. टॅबलेटचं घड्याळ गार्डला बदलता येत असेल तर त्या वेळेला काही अर्थ नाही.

एसएमएसबद्दल. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१८ च्या नियमांनुसार कंपनीची डीएलटीवर, म्हणजे मोबाइल ऑपरेटरांच्या नोंदणी पोर्टलवर, नोंदणी लागते. आधी हेडर (मेसेजवर पाठवणाऱ्याचं दिसणारं नाव), मग प्रत्येक मजकुराचा टेम्पलेट (ठरलेला साचा) मंजूर करून घ्यायचा. विक्रेता स्वतःच्या हेडरवरून पाठवतो का तुमच्या, हे लेखी घ्या. टेम्पलेटमधल्या एका बदलत्या जागेत ठरावीकच अक्षरं मावतात, कंपनीचं लांबलचक नाव त्यात टाकलं तर मेसेज अडकतो. मराठीत मेसेज पाठवायचा असेल तर एका एसएमएसमध्ये ७० अक्षरं बसतात, इंग्रजीत १६०. ७० च्या वर गेला की ६७-६७ चे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे लागतात. म्हणून मराठी मजकूर आखूडच ठेवा. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर यादीत नसलेली लिंक असलेला मेसेज ऑपरेटर अडवतात, तेव्हा निमंत्रणाची लिंकही नोंदवून घ्या. आणि चाकणला जर्मन, जपानी, कोरियन पाहुणे येतात, त्यांच्या परदेशी नंबरवर ओटीपी पोचेलच असं नाही. त्यांना ईमेलवर क्यूआर जाईल आणि गेटवर ओटीपी मागितला जाणार नाही अशी सोय आधीच करून ठेवा.

---

कामगार_कायदा_पिंपरी

आधारची झेरॉक्स आजच बंद करा, सिस्टिम येण्याची वाट बघू नका. २६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने खासगी कंपन्यांना आधार मागायला वाव देणारं आधार कायद्याचं कलम ५७ त्या मर्यादेत रद्द झालं. गेटवर तर त्याची गरजही नाही. गार्डने कुठलंही फोटो ओळखपत्र बघावं, नाव आणि चेहरा जुळवावा आणि परत द्यावं. सिस्टिममध्ये एवढंच: 'ओळखपत्र पाहिलं', प्रकार लायसन्स, पॅन, कंपनीचं कार्ड किंवा इतर. नंबर नको, फोटो नको. कोणी आपणहून आधारच दाखवलं तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधारही चालतं. आणि केबिनच्या कपाटात पडलेल्या जुन्या झेरॉक्स फाडून फेकू नका, श्रेडरमधून काढा.

दुसरा कायदा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपनीवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. तुम्ही सिस्टिम आता घेताय, ती तेव्हाही चालत असेल, म्हणून आताच त्याप्रमाणे बसवा. नुसतं कागदी रजिस्टर या कायद्यात येत नाही, पण तेच स्कॅन करून किंवा टाइप करून ठेवलं की येतं.

प्रत्यक्षात काय करायचं? टॅबलेटच्या पहिल्याच स्क्रीनवर चार ओळी लिहा: कोणती माहिती घेतोय, कशासाठी, किती दिवस ठेवू आणि तक्रार कोणाकडे करायची. ही सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ पैकी कुठल्याही भाषेत वाचता आली पाहिजे. मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशी तीन बटणं असतील तर तुमच्या गेटवर बहुतेकांचं भागेल. गेटसाठी घेतलेला मोबाइल नंबर मार्केटिंगला किंवा दिवाळीच्या शुभेच्छांना वापरू नका, तो त्या कामासाठी घेतलेला नाही. नियमांत माहिती आणि तिच्या नोंदी किमान १ वर्ष ठेवायला सांगितलंय. म्हणून १ वर्ष ठेवा आणि ३६६ व्या दिवशी आपोआप पुसली जाईल अशी सेटिंग करा. एखाद्या अपघाताची किंवा चोरीची चौकशी चालू असेल तर तेवढ्याच नोंदी कारण लिहून बाजूला काढा. माहिती फुटली तर ज्यांची फुटली त्यांना आणि डेटा संरक्षण मंडळाला विनाविलंब कळवायचं असतं आणि मंडळाला तपशील ७२ तासांत द्यायचा असतो. पुरेशी सुरक्षा न ठेवल्याचा दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जातो. विक्रेत्याच्या हलगर्जीपणामुळे फुटली तरी जबाबदारी तुमच्या कंपनीची. म्हणून करारात लिहून घ्या: त्यांच्याकडे काही फुटलं तर २४ तासांत तुम्हाला कळवतील, आणि करार संपला की फोटोंसकट सगळा डेटा तुम्हाला देऊन त्यांच्याकडचा पुसतील. 'फोटोंसकट' हा शब्द घाला. नाही तर नुसती एक एक्सेल शीट हातात येते.

आता एचआरचा मुद्दा, आणि याच्या मी ठाम विरोधात आहे. ठेकेदाराची माणसं व्हिजिटर नाहीत. ती कामाला येतात. त्यांची हजेरी, पगाराची नोंद, ईएसआय, पीएफ सगळं त्यांच्या येण्या-जाण्याच्या वेळेवर उभं असतं. त्यांची नोंद 'व्हिजिटर' म्हणून केली आणि उद्या कोणाचा हात मशीनमध्ये गेला, तर तुमचीच सिस्टिम सांगेल की तो पाहुणा होता. त्या कामगाराला हक्काचं मिळवायला झगडावं लागेल आणि निरीक्षकाच्या समोर तुम्हीही अडचणीत याल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून श्रम संहिता लागू झाल्या, १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २०२० ने घेतली. तरी मूळ मालकाची, म्हणजे ठेकेदाराला काम देणाऱ्या तुमच्या कंपनीची, जबाबदारी कुठे गेलेली नाही. त्यांना वेगळी हजेरी यंत्रणा आणि वेगळ्या रंगाचं कायमचं कार्ड द्या. आणीबाणीच्या यादीत मात्र दोन्हीकडची माणसं एकत्र दिसू देत, एचआरला बहुधा तेच हवं आहे.

उलट व्हिजिटर सिस्टिममध्ये एक इशारा लावा: तोच माणूस एका आठवड्यात तीनपेक्षा जास्त दिवस आला की एचआरला ईमेल. एसी दुरुस्तीवाला, पेंटर, 'दोन दिवसांचं काम आहे' म्हणून आलेली माणसं अशीच महिना महिना व्हिजिटर म्हणून आत येत राहतात.

---

सेफ्टी_पाताळगंगा

वर सगळ्यांनी चांगलं लिहिलंय. मागच्या गेटवरच्या ट्रक-ड्रायव्हरांबद्दल कोणी बोललं नाही, ते लिहितो.

ड्रायव्हरला टॅबलेटसमोर उभं करू नका. गार्डनेच हातातल्या फोनवर गाडीजवळ जाऊन नोंद करायची. गाडीचा नंबर, बिल्टी किंवा चलनाचा नंबर, लायसन्स पाहिलं का, आणि गाडीत माणसं किती. ओटीपी बंद. माणसं किती हा रकाना सक्तीचा ठेवा. क्लीनर मागच्या बर्थवर झोपलेला असतो, त्याची नोंद कुठेच नसते, आणि सायरन झाला की सगळ्यात उशिरा कळतं ते त्यालाच. पडदा बाजूला करून बघितल्याशिवाय आकडा भरायचा नाही. ज्वलनशील किंवा घातक माल असेल तर ड्रायव्हरच्या लायसन्सवर घातक माल वाहण्याची नोंद आणि गाडीत ट्रेम कार्ड (मालाचा धोका आणि अपघातात काय करायचं ते लिहिलेलं कार्ड), ही दोन्ही पाहिल्याशिवाय सिस्टिमने पुढचं बटणच दाखवू नये. माल परत येणारा की न येणारा, हा गेटपास वेगळा विषय आहे. तो व्हिजिटरच्या फॉर्ममध्ये कोंबू नका, फक्त गेटपासचा नंबर जोडा.

स्टिकर की कार्ड, तर मीही कार्डाच्याच बाजूने. थर्मल स्टिकर उष्णतेने आणि कूलंट-तेलाच्या हाताने काळं पडतं. हीट ट्रीटमेंटजवळ अर्धा तास उभं राहिलं तरी क्यूआर वाचता येत नाही. शिवाय ७० गुणिले २६ दिवस म्हणजे महिन्याला १,८२० स्टिकर, ३०० च्या रोलने सात रोल. ऑफिसपुरत्या येणाऱ्यांना स्टिकर दिलं तर चालेल, पण मग दोन पद्धती होतात आणि वर सांगितलेला खिळ्यांचा बोर्ड खोटा पडतो. रंगात मात्र फरक करा: पिवळं कार्ड ऑफिसपुरतं, लाल कार्ड शॉप फ्लोअरसाठी. लाल कार्डवाला एकटा दिसला तर कोणत्याही कामगाराने त्याला थांबवून विचारायचं. गळ्यातली दोरी ओढली की सुटणारी घ्या. साधी दोरी फिरत्या शाफ्टमध्ये अडकली तर मान जाते.

शॉप फ्लोअरवर जाणाऱ्याला ३-४ मिनिटांचा सुरक्षा व्हिडिओ आणि चार प्रश्न, मराठी-हिंदी-इंग्रजीत. पास झाला की सहा महिने पुन्हा नको, नाही तर नेहमीचे लोक न बघता बटणं दाबतात. व्हिडिओत पाच गोष्टी पुरेत: कुठून चालायचं, फोर्कलिफ्टची वाट, काय घालायचं, सायरनचा आवाज कसा असतो आणि असेंब्ली पॉइंट (आणीबाणीत सगळ्यांनी जमायची जागा) कुठे. बुटांचे नंबर ६ ते ११ गेटवर ठेवा. बूट नाहीत म्हणून कोणी चपलेवर आत सोडला तर व्हिडिओ दाखवून काय उपयोग?

---

गेट_नंबर_दोन

सगळ्यांचे मनापासून आभार. एचआरला उद्याच तो परिच्छेद दाखवतो. दोन शंका राहिल्या. आग गेटच्या केबिनजवळच लागली तर बोर्ड आणि टॅबलेट दोन्ही तिथेच अडकतील, मग यादी कशी मिळणार? आणि वरून फ्लॅप बॅरियर बसवायचाही आग्रह आहे, तो घ्यावा का? सध्या पहिले काही दिवस रजिस्टर आणि टॅबलेट दोन्ही चालवायचा विचार आहे.

---

बारा_तास_ड्यूटी

दोन्ही चालवा, पण दोन आठवडेच. त्याहून लांबलं की गार्ड रजिस्टर खरं आणि टॅबलेट नंतर भरायचा असं करायला लागतात. दोन आठवड्यांनी जुनी रजिस्टरं केबिनमधून उचला आणि पानांवर छापील नंबर असलेलं एकच रजिस्टर सीलबंद ठेवा. सिस्टिम पूर्ण बंद पडली तरच सील तोडायचं. त्यातल्या नोंदी त्याच शिफ्टमध्ये 'कागदावरून' अशी खूण करून सिस्टिममध्ये घालायच्या. आणि त्याची पद्धत अशी ठेवा की एका पानावर एकाच माणसाची नोंद, म्हणजे पुढच्याला मागच्याचा नंबर दिसणार नाही.

---

सेफ्टी_पाताळगंगा

यादीसाठी तीन फोन ठरवा: सेफ्टी, सिक्युरिटी सुपरवायझर आणि शिफ्ट इन्चार्ज. तिन्हींवर 'आत कोण' ही यादी दर १५ मिनिटांनी उतरली पाहिजे आणि नेट गेल्यावरही उघडली पाहिजे. नुसती वेबसाइटची लिंक असेल तर आगीत नेटवर्कचा रॅकही बंद पडतो आणि यादी उघडत नाही. यादीत नाव, फोटो, कार्ड नंबर आणि कोणाकडे आलेत एवढंच हवं. पुढच्या मॉक ड्रिलला कोणाला न सांगता दोन व्हिजिटर कॅन्टीनमध्ये थांबवून ठेवा आणि असेंब्ली पॉइंटवर मोजणी करणाऱ्याला ते दोघे कमी आहेत हे किती वेळात कळतं ते घड्याळ लावून बघा. दोन मिनिटांच्या वर गेलं तर यादीचा क्रम बदला, विभागवार लावा.

फ्लॅप बॅरियरला माझी हरकत नाही, पण बाजूला एक रुंद वाट ठेवा, व्हीलचेअर, स्ट्रेचर आणि सामानासाठी. ऑर्डरमध्ये लिहा की वीज गेली की पंख उघडे राहतील आणि फायर पॅनलच्या (फायर अलार्मच्या मुख्य पेटीच्या) रिलेशी, म्हणजे अलार्म झाला की चालणाऱ्या स्विचशी, जोडणी करून देणं विक्रेत्याचं काम. बिल पास करायच्या आधी स्वतः उभं राहून दोन गोष्टी करा. मेन स्विच खाली पाडा, पंख उघडले पाहिजेत. मग वीज चालू असताना फायर अलार्मचं काच फोडायचं बटण दाबा, तेव्हाही उघडले पाहिजेत आणि पॅनल रीसेट करेपर्यंत उघडेच राहिले पाहिजेत. दुसरी चाचणी बऱ्याच ठिकाणी राहून जाते, कारण बॅरियरवाला आणि फायर पॅनलवाला वेगवेगळ्या दिवशी येतात आणि मधली दोन वायरींची जोडणी कोणीच करत नाही. त्या दोघांना एकाच दिवशी बोलवा.